यादीत नाव यायला पाच महिने: नगरपरिषदेच्या विद्यार्थी सत्काराचा आणि दिवाळी बाजाराचा अनुभव

१५ ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. झेंडावंदनानंतर नगरपरिषदेच्या आवारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी एक बाई माझ्या डंकावर मिरची कांडायला आल्या. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या पोरीला एक्क्याण्णव टक्के पडलेत. तिचं नाव का नाही घेतलं?" मी बचत गटांच्या शहरस्तर संघाची सचिव असल्यामुळे नगरपरिषदेतलं सगळं मला माहीत असतं, असं त्यांना वाटलं असावं. मला काहीच माहीत नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की शहरातल्या शाळांनी पाठवलेल्या नावांवरून यादी झाली होती. ही मुलगी राहते आमच्या वॉर्डात, पण शिकायला शेजारच्या गावच्या हायस्कूलला जायची, आणि ती शाळा हद्दीबाहेरची. त्यामुळे तिचं नाव कुणी कळवलंच नाही. दोष कुणा एकाचा नव्हता, पण पोरगी त्या दिवशी नवा ड्रेस घालून मैदानात उभी होती.

तेव्हाच ठरवलं, की पुढच्या वर्षी वेळेत अर्ज द्यायचा. तो अर्ज, त्यातून झालेली समिती, सत्कार आणि त्याला जोडून भरलेला दिवाळीचा बाजार, हे सगळं मे २०२५ पासून डिसेंबरपर्यंत चाललं. तुमच्याही गावात कुणी असं काही करायला निघालं असेल तर उपयोग होईल म्हणून तारखांसकट लिहितेय.

आमची नगरपरिषद पश्चिम महाराष्ट्रातली, क वर्गाची, म्हणजे छोट्या शहराची. नगरसेवकांची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या, म्हणून तेव्हापासून मुख्याधिकारीच प्रशासक होते. सभागृह असतं तेव्हा असा विषय शिक्षण समितीतून सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येतो आणि सदस्य त्यावर बोलतात. प्रशासकाच्या काळात सभा नाही. टिपणी तयार होते, फाईल टेबलाटेबलावरून फिरते आणि शेवटी प्रशासकीय ठरावावर सही होते. म्हणजे बोलायची जागा एकच उरते: टिपणी लिहिली जात असताना तिथं असणं. हे मला बरंच उशिरा समजलं.

दहावीचा निकाल १३ मे ला लागला. १९ मे, सोमवारी मी संघाच्या लेटरहेडवर अर्ज दिला. दोन मागण्या होत्या. सत्काराची यादी शाळांच्या पत्रांवरून न करता मुलांकडून अर्ज मागवून करावी, ही एक. आणि दिवाळीआधी बचत गट व गावातले छोटे व्यावसायिक यांचा दोन दिवसांचा बाजार भरवावा, ही दुसरी. दोन्ही एकाच अर्जात लिहिलं ही माझी चूक. शिक्षणाचं टेबल वेगळं, महिला व बालकल्याणाचं वेगळं. एका अर्जाची एकच फाईल होते आणि दुसऱ्या टेबलाला तिचा पत्ता नसतो. विषय दोन असतील तर अर्जही दोन द्या, आणि आवक-जावक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. पुढे प्रत्येक वेळी मला तो क्रमांकच विचारला गेला.

तीन आठवडे काही हललं नाही. ९ जूनला जाऊन बसले तेव्हा शिक्षण विभागातल्या लिपिक मॅडमनी मनापासून मदत केली. त्यांनी अर्जाचे दोन भाग केले, मला दुसरा अर्ज तिथंच लिहायला लावला आणि लेखापालांकडे घेऊन गेल्या. लेखापालांनी अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडून दाखवलं. विद्यार्थी सत्कार व सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी एक लाखाची तरतूद. महिला व बालकल्याणासाठी नगरपरिषदेला उत्पन्नाचे पाच टक्के राखून ठेवावे लागतात, त्यात गटांच्या प्रदर्शनाला जागा होती. "पण ताई," ते म्हणाले, "हे पैसे गटांच्या बायकांसाठीच. चप्पलवाल्याच्या, बेकरीवाल्याच्या स्टॉलला यातला रुपया लावला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार, आणि वसुली माझ्यावर."

मला आधी वाटलं, अडवणूकच चाललीय. पण त्यांनीच वाट काढून दिली. मांडववाल्याकडून दर घेताना 'एका स्टॉलचा दर' आणि 'मंच, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांचा दर' असा वेगवेगळा घ्यायचा. गटांचे स्टॉल महिला बालकल्याणातून, मंच शिक्षणाच्या लेखाशीर्षातून, आणि व्यापाऱ्यांच्या स्टॉलचा खर्च त्यांनी आधी भरलेल्या शुल्कातून. मांडव एकच, मोजणी तीन ठिकाणी. लेखापालांकडे पहिल्याच आठवड्यात जा. आपण बहुतेक वेळा त्यांच्याकडे शेवटी जातो, आणि तेव्हा ते फक्त 'नाही' म्हणू शकतात.

टिपणी १७ जूनला लिहिली गेली. त्या दिवशी डंक बंद ठेवून मी तिथं थांबले. मसुद्यात नेहमीचं वाक्य होतं: 'शहरातील शाळांमधील गुणवंत विद्यार्थी'. मी विनंती केली, की 'नगरपरिषद हद्दीत राहणारे किंवा हद्दीतील शाळेत शिकणारे' असं करता येईल का. मॅडमनी लगेच बदललं, दोन मिनिटांचं काम होतं. मग मी १७ नंबरच्या फॉर्मच्या मुलांचं काढलं. शाळा सुटलेली, कामाला लागलेली मुलं खासगीरीत्या दहावी-बारावीला बसतात, ती कुठल्याच शाळेच्या फलकावर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी 'काम करून शिकणारे व खासगीरीत्या परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेले विद्यार्थी' अशी वेगळी ओळ घातली गेली.

माझ्या हातून एक गोष्ट मात्र राहिली. मसुद्यात 'सन २०२४-२५ मध्ये उत्तीर्ण' असं होतं आणि ते मी वाचूनही पुढं गेले. ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं ती २०२४ ची. ठरावावर ८ जुलैला सही झाली. प्रत हातात आली तेव्हा लक्षात आलं, पण तोवर सही झालेली होती. ठराव दुरुस्त करायचा म्हणजे पुन्हा सगळी फिरती. मी लेखी विनंती दिली, तोंडी उत्तर मिळालं: या वर्षी नाही. आजही ते मला लागतं.

समिती नऊ जणांची झाली: शिक्षणच्या मॅडम, समुदाय संघटक, दोन मुख्याध्यापक, एक सेवानिवृत्त गुरुजी, व्यापारी संघटनेचे दोघे, शहरस्तर संघाच्या अध्यक्ष आणि मी. ११ जुलैच्या पहिल्या बैठकीत सगळा वेळ टक्क्यांवर गेला. दहावीला नव्वद की पंच्याऐंशी? मुख्याध्यापक म्हणाले, पंच्याऐंशी केलं तर शंभरावर नावं जातील. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' (सहापैकी चांगले पाच विषय धरायची पद्धत) आणि कला-क्रीडेच्या सवलतीच्या गुणांमुळे हल्ली वरचे टक्के बरेच असतात. त्या वर्षी राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. शेवटी दहावीला नव्वद, बारावीला ऐंशी, पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतली मुलं, एनएमएमएसची मुलं आणि राज्यस्तरावर खेळलेले, असं ठरलं. एनएमएमएस म्हणजे आठवीतली परीक्षा, पात्र मुलाला वर्षाला बारा हजार मिळतात. आमच्या नगरपरिषद शाळेची मुलं तिथं चमकतात, पण आजवर त्यांना मंचावर कुणी बोलावलं नव्हतं.

१७ नंबरच्या मुलांना किती टक्के लावायचे, यावर वाद झाला. गुरुजींनी तो संपवला. म्हणाले, "सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत दुकानात उभं राहून जो पास झाला, त्याला मी टक्के कुठल्या तोंडानं विचारू?" उत्तीर्ण एवढीच अट ठेवली.

१४ ते ३१ जुलै अर्ज मागवले. गुणपत्रकाची प्रत, रहिवासाचा एक पुरावा, मोबाईल नंबर, एवढंच. सुरुवातीला सूचनेत 'घरपट्टी पावती' छापलं गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या खोलीतल्या दोन आया रडवेल्या होऊन आल्या, की आमच्या नावावर घर नाही. मॅडमनी त्याच दिवशी फलकावर हातानं दुरुस्ती केली: आधार किंवा रेशनकार्ड चालेल. घरंदारं नसलेल्यांची मुलंही आपलीच आहेत, हे सूचना लिहितानाच ध्यानात ठेवायला हवं होतं.

१७ नंबरची मुलं आपणहून आली नाहीत. त्यांना शोधावं लागलं. ती ज्या शाळेला जोडलेली असतात, त्या संपर्क केंद्राच्या लिपिकाकडे त्यांची नोंद असते. तिथून निरोप गेले. गॅरेजमध्ये, शिलाईच्या दुकानात, बेकरीत मी आणि संघाच्या अध्यक्ष स्वतः गेलो. एका गॅरेजमधला मुलगा गाडीखालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "काकू, मला बावन्नच आहेत, चालतंय का?" चालतंय म्हटल्यावर त्यानं मालकाकडं पाहिलं. मालक म्हणाले, "दे की अर्ज. सुट्टी मी दिली होती परीक्षेला, फोटो मलापण पाहिजे." असे अकरा जण मिळाले.

एकूण १६३ अर्ज आले, छाननीनंतर १४१ राहिले. आता जे लिहितेय ते काम कुणी सांगत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. प्रमाणपत्रावर नाव मराठीत छापायचं, आणि अर्जांसोबतच्या बहुतेक कागदांवर ते इंग्रजीत. एस ए आय लिहिलंय, ती सई की साई? 'श्रावणी' की 'श्रवणी'? आडनावांचं तर विचारू नका. मी आणि गुरुजी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसायचो. ते मोठ्यानं नंबर वाचायचे, मी फोन लावायचे. "तुमच्या मुलीचं नाव मराठीत कसं लिहिता?" एका घरात आजीनं फोन घेतला, म्हणाल्या, "थांब बाई, तिलाच लिहायला सांगते," आणि पाच मिनिटांनी वहीच्या कागदाचा फोटो आला. ठळक अक्षरात नाव, खाली दोनदा रेघ ओढलेली. आम्ही पेन्सिलीनं यादीत तसंच उतरवलं. नऊ संध्याकाळी लागल्या. अठरा नावं सुधारली. ती तशीच छापली गेली असती तर अठरा घरांत भिंतीवर चुकीचं नाव लागलं असतं.

ऑगस्ट उजाडला आणि गाडं अडकलं. १५ ऑगस्टलाच सत्कार करायचा विचार होता, पण ४ ऑगस्टला मुख्याधिकाऱ्यांच्या बदलीचा आदेश आला. नवे साहेब १८ तारखेला रुजू झाले. मग २७ ऑगस्टला गणपती बसले, ६ सप्टेंबरला विसर्जन. या काळात नगरपरिषदेचा एकही माणूस जागेवर सापडत नाही, सापडू नयेच. मुलं मात्र फोन करत होती. बारावीची मुलं तर पुण्याला, कोल्हापूरला गेलीसुद्धा. मला खूप अस्वस्थ व्हायला झालं. आपण लोकांकडून कागद घेतले, आशा लावली, आणि आता सांगायला तारीख नाही.

नव्या साहेबांना ९ सप्टेंबरला भेटलो. त्यांना जाडजूड फाईल न देता गुरुजींनी एका पानावर सगळं लिहून नेलं होतं: ठराव क्रमांक व दिनांक, तरतूद, झालेलं काम, राहिलेलं काम आणि 'आम्हाला आज काय हवं आहे'. साहेबांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं आणि १२ तारखेला मंजुरी दिली. अधिकारी बदलला की नव्यानं अर्ज करू नका. जुन्या ठरावाचा आधार घेऊन एका पानाचं स्मरणपत्र द्या.

घाईचं आणखी एक कारण होतं. १६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरकायला सांगितलं. आचारसंहिता लागली की नगरपरिषदेच्या पैशातून सत्कार होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. दिवाळीनंतर कधीही लागेल असा अंदाज होता. वसुबारस १७ ऑक्टोबरची. म्हणून ११ आणि १२ ऑक्टोबर, शनिवार-रविवार धरला. बाहेरगावची मुलं येऊ शकतील आणि फराळाची खरेदीही तेव्हाच सुरू होते.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात, सोलापूरकडे पुरानं हाहाकार झाला. आमच्या काही गटांच्या लेकी तिकडं दिलेल्या. समितीत कुणी म्हणालं, कार्यक्रमच नको. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, की ऑर्केस्ट्रा आणि फटाके रद्द, बाजार आणि सत्कार साधेपणानं करायचा आणि प्रवेशद्वारावर वह्या-दप्तरांसाठी पेटी ठेवायची. मला ते बरोबर वाटलं.

आता बाजाराचं. स्टॉल ४८: वीस गटांना मोफत, अठ्ठावीस व्यावसायिकांना बाराशे रुपयांत दोन दिवस. व्यवसाय हद्दीतला हवा. दुकान परवाना किंवा उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) दाखवायची. इथं खूप जणांचं नुकसान होताना पाहिलं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन असलं की पंधरा-वीस मिनिटांत होते. तरी आमच्या तीन बायकांनी बाहेर पैसे मोजले होते. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. तेव्हा, २०२५ मध्ये, वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरत होती आणि तिचं सरकारी शुल्क वर्षाला शंभर रुपये होतं. एका वहिनींकडून कुणीतरी पंधराशे घेतले होते. म्हणून समुदाय संघटकांनी २१ सप्टेंबरच्या रविवारी नगरपरिषदेच्या संगणकावर बसून सोळा जणींची नोंदणी करून दिली. फोटो, आधार आणि शंभर रुपये, बस्स. नोंदणी हातात पडायला दिवस लागतात, म्हणून निदान तीन आठवडे आधी करा.

पाकिटाच्या लेबलावर पदार्थाचं नाव, पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, किंमत, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. आमच्या गटानं गावातल्याच छापखान्यात हजार लेबलं सातशे रुपयांत करून घेतली. काटा असेल तर तो वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या खात्याचा) शिक्का मारलेलाच आणा.

प्रथमच भेटलेली अडचण होती मैदानाच्या कडेला रोज बसणाऱ्या हातगाड्यांची. आमच्या मांडवामुळं त्यांचे दोन दिवस जाणार होते. वडापावच्या गाडीवरचे अण्णा मला म्हणाले, "तुमचा बाजार भरणार, आमचा मोडणार." त्यांचं खरं होतं. सहा गाड्यांना खाऊगल्लीत, शुल्क न घेता, आहे त्याच क्रमानं जागा दिली. नगरपरिषदेनं तिथंच पीएम स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांच्या कर्ज योजनेचा, टेबल टाकला, कारण ऑगस्टमध्ये त्या योजनेचं पहिलं कर्ज दहा हजारांवरून पंधरा हजार झालं होतं आणि गाडीवाल्यांना ते ठाऊक नव्हतं.

दरपत्रकं तीन-तीन, सीलबंद. मांडववाल्याचा स्टॉलचा दर ११५० आला, मंच-खुर्च्या-ध्वनीचे ३८ हजार. बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची ट्रॉफी द्यायची रीत होती. आम्ही ती सोडली. त्याऐवजी गटांनी शिवलेली कापडी पिशवी आणि त्यात शब्दकोश व एक पुस्तक. पिशवी ८५ रुपये, पुस्तकं मुलामागं २१०, प्रमाणपत्र ३२. पिशव्यांसाठी आमचा गटही दरपत्रक देणार होता. लेखापालांनी सांगितलं, तुम्ही समितीत आहात, तुमच्या गटानं देऊ नये. गटातल्या बायकांना समजावणं मला जड गेलं, त्यांची दीडशे पिशव्यांची शिलाई गेली. पण लेखापालांचं बरोबर होतं, आम्ही मागं घेतलं.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून, रात्री दहापर्यंतच. महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, तो आम्ही विसरलो होतो आणि त्यात चार दिवस गेले. अनामतीसह ६,३०० रुपये भरले. स्टॉलच्या जागा ४ ऑक्टोबरला सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एका शाळकरी मुलीकडून चिठ्ठ्या उचलून घेतल्या. दारातली जागा कुणाला मिळाली यावर त्यानंतर एकही तक्रार आली नाही.

फलकाचा प्रश्न नाजूक होता. ६ ऑक्टोबरला नगराध्यक्षपदांची आरक्षण सोडत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून इच्छुक लोक भेटायला येऊ लागले. कुणी पाण्याच्या बाटल्या देतो म्हणे, कुणी मोठा फलक. समितीनं ठराव लिहून ठेवला: कुणाचाही फोटो नाही, प्रमाणपत्रावर फक्त प्रशासकांची सही. हे लेखी असल्यामुळं मॅडमना 'नाही' म्हणताना एकट्या पडावं लागलं नाही.

शनिवारी बाजार सुरू झाला. सकाळी मोकळंच होतं, माझ्या पोटात गोळा आला. पाचनंतर गर्दी झाली. आमच्या गटाचा कांदा-लसूण मसाला दोनशे ग्रॅमच्या पाकिटात भराभर गेला, अर्ध्या किलोची पाकिटं तशीच राहिली. भाजणीचं पीठ तर निम्मं परत आणलं. लोक बाजारात चव बघायला घेतात, साठवणीचं घ्यायला नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लहान पाकिटंच जास्त न्यावीत. दोन दिवसांचे १४,३०० आले, माल आणि पाकिटांचा खर्च जाऊन पाच हजारांच्या आसपास राहिले.

रविवारी चारला सत्कार. टक्के वाचायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. फक्त नाव, शाळा किंवा कामाचं ठिकाण. सत्त्याण्णव टक्केवाल्या मुलाचे वडील नाराज झाले, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण गॅरेजमधला मुलगा मंचावर आला तेव्हा कुणालाच त्याचे टक्के ठाऊक नव्हते, टाळ्या सगळ्यांइतक्याच वाजल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांच्या कडेला मात्र काळं ऑईल राहिलेलं. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्याचे मालक मागं स्टॉलवरच होते, बॅटऱ्या आणि ऑईलचे डबे मांडून. गिऱ्हाईक सोडून ते खुर्चीवर उभे राहिले आणि मोबाईलवर फोटो काढत राहिले.

एकतीस नंबरच्या स्टॉलवर चकली आणि कडबोळी होती. त्या बाई म्हणजे गेल्या वर्षी माझ्या डंकावर आलेल्या. स्वतः नोंदणी करून, बाराशे भरून त्यांनी स्टॉल घेतला होता. शेजारी त्यांची मुलगी, आता बारावीला, वहीत विक्री लिहीत होती. मंचावरून नावं पुकारली जात असताना ती मान वर करून ऐकायची आणि परत लिहायला लागायची. मी जवळ गेले, तिला म्हटलं, "बाळा, तुझं राहिलं, ती माझी चूक." ती म्हणाली, "असू दे काकू," आणि मला चकलीचा तुकडा दिला. मला पुढं बोलता आलं नाही.

पुढचं बिलांचं थोडक्यात. पुरवठादारांची बिलं आठवड्याच्या आत द्या: कार्यादेशाची प्रत, पोच चलन, फोटो आणि रद्द केलेला धनादेश जोडून. पिशव्या शिवणाऱ्या गटानं कार्यादेश जोडला नाही म्हणून त्यांचं बिल परत आलं. तोवर ४ नोव्हेंबरला आचारसंहिता लागली. झालेल्या कामाचे पैसे थांबत नाहीत, पण सगळे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला. २ डिसेंबरला मतदान झालं आणि ९ डिसेंबरला गटाच्या खात्यात १२,७५० जमा झाले. ते दोन महिने त्या बायका मला रोज विचारत होत्या. बाहेरून दोरा-कापड उधार आणलेल्या गटाला दोन महिने फार होतात. पुढच्या वेळी निम्मी रक्कम आगाऊ मिळावी अशी अट कार्यादेशातच मागणार आहे.

२१ डिसेंबरला निकाल लागले, सभागृह पुन्हा भरणार होतं. २२ तारखेला, सोमवारी, मी दोन स्वतंत्र अर्ज दिले. सत्काराच्या अर्जात ठरावासाठी मजकूरच लिहून दिलाय: 'चालू वर्षात उत्तीर्ण, तसेच मागील दोन वर्षांत यादीतून राहून गेलेले विद्यार्थी.' दोन्ही प्रतींवर शिक्का घेतला. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवलाय, आणि येताना वाटेत थांबून तो त्या मुलीलाही लिहून दिला.